मदत हवी आहे: घरातल्या वादातून जन्मलेले गमतीशीर प्रयोग

नमस्कार मंडळी. मी संशोधक आहे, आणि पुढच्या महिन्यात मुलीच्या वर्गात ‘घरातलं विज्ञान’ यावर बोलायचंय. त्यासाठी गोष्टी गोळा करतेय.

सुरुवात झाली आमच्याच घरात. लेक कडाकडा बोटं मोडते आणि आजी ओरडते, “सांधे धरतील गं!” मग मी तिला डॉ. डोनाल्ड उंगर यांची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनाही आई हेच सांगायची. म्हणून त्यांनी फक्त डाव्या हाताची बोटं मोडायला घेतली, दिवसातून निदान दोनदा, अन् उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. पन्नास वर्षांनी, म्हणजे किमान 36,500 वेळा मोडून झाल्यावरही, दोन्ही हातांना संधिवात नव्हता. 1998 साली त्यांनी हे छापलं आणि 2009 मध्ये त्यांना ‘इग नोबेल’ मिळालं. हसवणारी आणि मग विचार करायला लावणारी संशोधनं निवडतात ना, तोच पुरस्कार.

लेकीने लगेच वहीत दोन रकाने आखले: ‘डावा’, ‘उजवा’. आजीलाही सही करायला लावली! मला फार आनंद झाला.

आता दोन गोष्टी हव्यात. अशी आणखी खरी, खात्रीची उदाहरणं कुणाला माहीत आहेत का? आणि एकाच माणसावरचा प्रयोग पुरेसा पुरावा का नाही, हे नऊ वर्षांच्या मुलांना त्यांचा उत्साह न घालवता कसं सांगाल? शिक्षक मंडळींनी जरूर सुचवा.