मांढरदेवच्या झाडांवरचे खिळे आणि काळूबाईची कथा

कृष्णाकाठ:
वाई तालुक्यातील मांढरदेव गडावर पौष पौर्णिमेला काळूबाईची मोठी यात्रा भरते. मांडव्य ऋषींच्या यज्ञात विघ्ने आणणाऱ्या लाख्यासुराला दिवसा मरण नव्हते, म्हणून देवीने त्याला पौर्णिमेच्या रात्री मारले, अशी कथा तेथे सांगतात आणि यात्रेची तिथीही तिच्याशीच जोडतात. मात्र देवळाच्या परिसरातील झाडांवर वर्षानुवर्षे जे ठोकले गेले, त्याचा या कथेशी काय संबंध, हे मला कोणी सांगावे. काळी बाहुली, टाचण्या टोचलेले लिंबू, बिब्बा, आणि त्याखाली खिळ्याने ठोकलेली नावाची चिठ्ठी किंवा फोटो. त्या चिठ्ठीवर राक्षसाचे नाव नसते. भावजय, सासू, चुलतभाऊ, बांधाशेजारचा शेतकरी अशांची नावे असतात. देवऋषी ‘करणी झाली आहे’ एवढेच सांगून थांबत नाही, ती कोणी केली हेही सुचवतो आणि गडावरून उतरताना कुटुंबाला घरातलाच एक शत्रू मिळालेला असतो. यात्राकाळात खिळे ठोकण्यास आणि पशुहत्येस मनाई केली जाते, ती योग्यच आहे. माझ्या मते हा प्रकार बाराही महिने बंद असावा.

माळावरची:
आपण चिठ्ठी वाचलीत, ती लिहिणारीकडे पाहिले नाही. मूल होत नाही म्हणून घरातून काढलेली, नवऱ्याचा मार खाणारी, रात्र रात्र झोप न लागणारी बाई गडावर येते, तेव्हा तिचे ऐकून घेणारे दुसरे ठिकाण तिच्या गावात बहुधा नसते. एरवी जिला घरात तोंड उघडता येत नाही, ती मळवट भरून देवीपुढे घुमते तेव्हा सासरा हात जोडून उभा राहतो. तिने ओटी भरावी, गाऱ्हाणे घालावे, आणि कोणावर राग असेल तर तोही देवीच्या पायाशी टाकावा. बाहुलीने आजवर कोणी मेले नाही. मनाईचे फलक लावून तिचे दुःख कमी होणार आहे काय?

नीरा खोरे:
येथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दर्शन, प्रदक्षिणा, यात्रा यांना हात लावलेला नाही. नुसते अंगात येणे हाही त्यात गुन्हा नाही. अंगात शक्तीचा संचार असल्याचे भासवून लोकांना भीती घालणे, सल्ला न ऐकल्यास वाईट परिणामांची धमकी देणे, हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हेही त्यात येते. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. तेव्हा घुमणाऱ्या बाईला कायद्याचे भय नाही, तिच्याकडून उताऱ्याचे पैसे उकळून शेजारणीचे नाव सांगणाऱ्याला आहे. ‘माळावरची’ ताईंनी या माणसाबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही, हे मला खटकते.

कृष्णाकाठ:
बाहुलीने कोणी मेले नसेल, पण जिचे नाव चिठ्ठीवर असते तिला भावकी हळूहळू वाळीत टाकते. तीही बाईच असते. झाडांचे तर कोणी बोलतच नाही: खिळ्याभोवती साल फुगते, जखमेतून बुरशी आत जाते आणि खोड पोखरले जाते.

घाटमाथा:
25 जानेवारी 2005 चा विषय कोणी काढला नाही. फुटलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या आणि 290 हून अधिक भाविक मेले. गडावरचे निर्बंध कडक झाले ते त्यानंतर. पण त्या मृत्यूंचे खापर मी तोडग्यांवर फोडणार नाही. अरुंद वाट, दाटीने लागलेली दुकाने आणि गर्दी आवरण्याची अपुरी तयारी ही कारणे अधिक जड होती. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी प्रत्येक वेळी ती दुर्घटना पुढे करून देवीभक्तांना गप्प करू नये.

माळावरची:
देवऋषीचा बचाव मी करत नाही. त्याच्यावर जरूर गुन्हे दाखल करावेत. खिळेही उपटावेत, झाड कोणाचे वैरी नाही. मात्र सालभर बंदी म्हणताना ‘कृष्णाकाठ’ यांच्या यादीत उद्या घुमणे येईल, परवा परडी येईल, ही माझी शंका त्यांच्या लिहिण्याने दूर झालेली नाही. यात्रेत पोलिसांची चौकी असते, आरोग्य पथक असते. तेथेच मनाच्या आजारांचा एखादा डॉक्टर आणि बाईशी बोलणारी बाई बसवा, आणि ती बसेपर्यंत देवीपुढचे गाऱ्हाणे कोणी अडवू नका.

कृष्णाकाठ:
घुमण्याला माझी हरकत नाही, हे येथे स्पष्ट लिहितो. डॉक्टर बसवण्याची सूचना मान्य आहे. तो बसेपर्यंत थांबण्याची अट मात्र चिठ्ठी आणि बाहुलीला लागू करू नये.