मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या लिंकनशायरचे जुने विमानतळ, आजोबांसोबत

आमचे शेजारी आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या लँकेस्टर बाँबर विमानांचे मेकॅनिक होते. बदली झाली की किटबॅग घेऊन आगगाडी, पुढे लष्करी ट्रक, नाहीतर सायकल. १९४० मध्ये शत्रूला वाट कळू नये म्हणून स्टेशनांच्या पाट्या काढल्या होत्या, त्यात ब्लॅकआउट, ते म्हणतात, "हमालाची हाक ऐकूनच उतरायचं!" आता तिथल्या वुडहॉल स्पा गावाला रेल्वेच नाही. त्यांना तिथलं पेटवुड हॉटेल (युद्धात हवाई दलाच्या ६१७ स्क्वॉड्रन या तुकडीच्या अधिकाऱ्यांची मेस, यांना तेव्हा आत कोण सोडणार?), आणि ईस्ट कर्कबी, कोनिंग्जबी हे हवाई तळ पाहायचेत. लिंकनहून एका दिवसात जमेल का? व्हीलचेअर चढेल अशी टॅक्सी कुणी वापरली आहे का? मी गाडी चालवत नाही.