टाइमलाइनची फाइल: पुणं चढलं, रेडिंग नाही

प्रेषक: अनघा, रेडिंग
विषय: गूगल टाइमलाइनची फाइल ॲपमध्ये नीट चढत नाही

नमस्कार मंडळी,

मेमध्ये नागरिकत्वाचा अर्ज टाकायचा आहे. गेल्या ५ वर्षांत ब्रिटनबाहेर कधी गेले आणि कधी परतले, याची यादी त्यात द्यावी लागते. इथून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. कामानिमित्त म्युनिकला सारखी ये-जा होती, आणि ती सगळी तिकिटं जुन्या ऑफिसच्या ईमेलवर, जो आता बंद आहे. म्हणून म्हटलं, फोनलाच विचारू: मी कधी कुठे होते याची नोंद गूगलच्या टाइमलाइनमध्ये असते.

२०२३ मध्ये गूगल टेकआउटमधून (आपला गूगलवरचा डेटा उतरवून घ्यायची सोय) उतरवलेली झिप माझ्याकडे आहे. त्यातली रेकॉर्ड्स.जेसन ही नोंदींची फाइल, प्रवास नकाशावर दाखवणाऱ्या एका ॲपमध्ये चढवली. पुणं दिसतंय, म्युनिक दिसतंय, पॅरिसची सुट्टीसुद्धा दिसतेय. रेडिंग मात्र नाही! लॉगमध्ये लाल ओळींची रांग लागली आहे: रेखांश ४२८.५२६७, मर्यादेबाहेर. ॲपच्या हिशोबाने मी या देशात जवळजवळ राहिलेलेच नाही. हा नकाशा होम ऑफिसला (इथल्या गृहखात्याला) दाखवला तर नागरिकत्व राहू दे, आहे ते सेटलमेंटही (कायम राहायची परवानगी) काढून घेतील.

शिवाय २०२३ नंतरचा डेटा हवा म्हणून परवा पुन्हा टेकआउट केलं, तर झिपमध्ये जेमतेम दोन-चार किरकोळ फाइली आल्या. बाकीचं गेलं कुठे?

कोणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

अनघा

*

प्रेषक: सुहास, मिल्टन कीन्स
विषय: उत्तर: गूगल टाइमलाइनची फाइल ॲपमध्ये नीट चढत नाही

अनघा,

बहुतेक काही गेलेलं नसेल, घाबरू नकोस. आधी टेकआउटचं सांगतो. २०२४ मध्ये गूगलने टाइमलाइन सर्व्हरवरून काढून ज्याच्या त्याच्या फोनमध्ये हलवली. त्यामुळे टेकआउटमध्ये आता फक्त सेटिंग्ज आणि असलंच काहीतरी मिळतं, खरा डेटा फोनमधूनच काढायचा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्ज, लोकेशन, लोकेशन सर्व्हिसेस, टाइमलाइन आणि तिथे 'एक्सपोर्ट'. मग टाइमलाइन.जेसन नावाची फाइल मिळेल. ऑटो-डिलीट (जुना डेटा आपोआप पुसणारी सेटिंग) पण तपास. तिथे ३६ महिने निवडलेले असतील तर ५ वर्षांची यादी विसर. एक्सपोर्ट करायच्या आधी ते बंद कर, नंतर नको.

आता तुझं ४२८. हे वाचून मला बरं वाटलं, कारण हा आजार ओळखीचा आहे. रेकॉर्ड्स.जेसनमध्ये अक्षांश-रेखांश दशांशात नसतात. अंशांना १ कोटीने गुणून पूर्णांक लिहिलेला असतो, म्हणून त्या रकान्यांच्या नावात शेवटी 'ई७' दिसतं. पुण्याचा रेखांश ७३.८५ म्हणजे तिथे ७३,८५,००,००० असा काहीतरी आकडा. इथवर ठीक. पण रेडिंग ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणजे रेखांश उणे ०.९७. काही जुन्या नोंदींमध्ये हा उणे आकडा ३२ बिटांत बसवताना चिन्ह हरवलंय आणि त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिळवले गेलेत. बेरीज करून १ कोटीने भाग, ४२८.५२६७ येतात की नाही बघ.

म्हणूनच पुणं आणि म्युनिक सुखरूप आहेत, पॅरिसही. तिन्ही ग्रिनिचच्या पूर्वेला! तुझं घर पूर्व लंडनमधल्या इलफर्डला असतं तर तुला हा त्रास झालाच नसता.

उपाय सोपा आहे. रेखांशाचा कच्चा आकडा १,८०,००,००,००० पेक्षा मोठा दिसला की त्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा करायचे. पायथनमध्ये एका 'इफ'चं काम आहे, स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. मूळ फाइलला हात लावू नकोस, प्रतीवर चालव. आणि कृपा करून ती फाइल नोटपॅडमध्ये उघडू नकोस. शेकडो एमबीची असणार, लॅपटॉप तिथेच बसेल.

ॲप स्वतःच्या सर्व्हरवर चालवतेस का? असेल तर मोठी फाइल ब्राउझरमधून चढवताना ४१३ एरर ('फाइल फार मोठी') येऊ शकते. त्याला फाइल जबाबदार नसते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मुळातली मर्यादाच १ एमबी असते, ती सेटिंगमध्ये वाढवावी लागते.

सुहास

*

प्रेषक: रमेशकाका, हॅरो
विषय: उत्तर: उत्तर: गूगल टाइमलाइनची फाइल…

अनघा बेटा,

एवढा खटाटोप कशाला? भारतात उतरताना आणि निघताना शिक्का बसतो, तो पासपोर्टवर आहेच. युरोपच्या तारखांसाठी बँकेचं स्टेटमेंट काढ, कार्ड कुठे आणि कधी घासलं ते त्यात कळतं. मी माझ्या वेळी डायरीवरून यादी केली होती आणि कुणी एक प्रश्न विचारला नाही. आणखी एक, होम ऑफिसकडे त्यांच्याजवळची तुझीच माहिती मागवता येते, फुकट. वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज टाक.

दुसरं म्हणजे नेटवर 'तुमची फाइल बदलून देतो' म्हणणाऱ्या ज्या साइट्स असतात, तिथे ही फाइल अजिबात चढवू नकोस. आमच्या नातवाने मला दाखवलं, फोनमधून काढलेल्या फाइलमध्ये 'होम' आणि 'वर्क' अशी लेबलंसुद्धा असतात. म्हणजे घर कुठे आणि ते रिकामं कधी, दोन्ही आपणच सांगितल्यासारखं.

काका

*

प्रेषक: केदार, क्रॉली
विषय: उत्तर: गूगल टाइमलाइनची फाइल… (आयफोनवाल्यांचं काय?)

सगळ्यांना नमस्कार. काका, तुमचा मुद्दा मान्य, पण मी ती चूक करून मोकळा झालोय. आयफोनवरून गूगल मॅप्समधून एक्सपोर्ट केलं, एका साइटवर जिओजेसन (नकाशाच्या फाइलचा एक प्रकार) करून घेतलं आणि ॲपमध्ये टाकलं. आईबाबांचं कर्वेनगरचं घर सध्या नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात आहे. जुन्या २०२१ च्या फाइलमधल्या तारखा तर बावन्न हजार सालात गेल्यात.

सुहासदादा, काही सुचतंय का?

*

प्रेषक: सचिव
विषय: उत्तर: गूगल टाइमलाइनची फाइल…

मंडळी, चर्चा उपयोगी आहे, चालू द्या. फक्त पाडव्याच्या जेवणाची संख्या या धाग्यात कळवू नका. काल दोघांनी 'आम्ही चौघं' एवढंच लिहून पाठवलंय, ते जेवायला येणार की फाइल चढवणार ते कळेना. त्यासाठी वेगळी मेल आहे.

*

प्रेषक: सुहास, मिल्टन कीन्स
विषय: उत्तर: आयफोनवाल्यांचं काय?

केदार, तुझे दोन वेगळे रोग आहेत.

समुद्राचं कारण असं की आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, पण जिओजेसनच्या नियमात आधी रेखांश लिहायचा असतो. त्या साइटने क्रम तसाच ठेवला. पुण्याचे १८.५ आणि ७३.८ उलटे वाचले की तू बेअर आयलंडच्या आसपास पोचतोस. अदलाबदल कर, आईबाबा कर्वेनगरला परत येतील.

बावन्न हजार सालाचं असं. जुन्या फाइलींत वेळ मिलिसेकंदांत लिहिलेली असते, १९७० पासून मोजून. ॲपने ती सेकंद समजून वाचली. उलट झालं असतं, म्हणजे सेकंद मिलिसेकंद म्हणून वाचले असते, तर तुझं अख्खं आयुष्य १९७० च्या जानेवारीत उरकलं असतं. २०२२ च्या सुमारास गूगलने हा रकानाच बदलला आणि सरळ वाचता येणारी तारीख-वेळ लिहायला लागले. म्हणून फाइल कधी उतरवली हे महत्त्वाचं.

आयफोनची फाइल आणखी वेगळी. तिथे जागा 'जिओ:' या शब्दाने सुरू होते, मग स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे. अँड्रॉइडच्या टाइमलाइन.जेसनमध्ये आकड्यापुढे अंशाचं ते बारीक वर्तुळ असतं. ॲपला ते वर्तुळ काढता आलं नाही तर आकडा आकडा राहत नाही. कुणी मध्येच फाइल दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह केली तर त्या वर्तुळाच्या आधी आणखी एक अनाहूत अक्षर येऊन बसतं. गूगल टाइमलाइन एकच, पण फाइली किमान चार जातींच्या. ॲपला शिव्या देण्याआधी आपली फाइल कुठल्या जातीची आहे ते बघा: सुरुवातीच्या काही ओळी टर्मिनलमध्ये पाहिल्या तरी कळतं.

सुहास

*

प्रेषक: अनघा, रेडिंग
विषय: उत्तर: गूगल टाइमलाइनची फाइल… (आता भलतंच)

सुहासदादा,

स्क्रिप्ट चालली! रेडिंग आलं, ऑफिस आलं, लायब्ररीसुद्धा आली. पण आता ॲप म्हणतंय की जून २०२१ मध्ये मी रोज रेडिंग आणि कोथरूड अशा येरझाऱ्या घालत होते. एकाच दिवसात कितीतरी वेळा. नकाशावर दोन शहरांमध्ये इतक्या रेघा की मधला इराण दिसत नाही. तेव्हा कोविडमुळे भारत ब्रिटनच्या रेड लिस्टवर होता, हॉटेल क्वारंटाइन होतं, आई आजारी असूनही मला जाता आलं नव्हतं. आणि ॲप म्हणतं, होतीस की तिथे!

हे कशामुळे? वेग ताशी काही हजार किलोमीटर दाखवतंय.

अनघा

*

प्रेषक: सुहास, मिल्टन कीन्स
विषय: उत्तर: आता भलतंच

तुझा एखादा जुना फोन आईंकडे आहे का? आणि त्यात अजून तुझंच गूगल अकाउंट चालू आहे का? आपल्यापैकी निम्म्या घरांत हेच असतं. नवा फोन घेतला की जुना सुट्टीत घेऊन जायचा, आईला यूट्यूब लावून द्यायचं, आणि अकाउंट तसंच.

रेकॉर्ड्स.जेसन सगळ्या फोनांचे बिंदू एकाच रांगेत ओततं. पण प्रत्येक नोंदीत 'डिव्हाइसटॅग' नावाचा एक लांबलचक आकडा असतो, तो फोनागणिक वेगळा. त्याच झिपमध्ये सेटिंग्ज.जेसन आहे, त्यात कुठला टॅग कुठल्या मॉडेलचा ते लिहिलेलं असतं. कोथरूडचा टॅग शोध आणि त्याच्या सगळ्या नोंदी गाळ. वेगावरून गाळू नकोस, खरी विमानंही त्यात जातील.

त्यानंतरही एखादा तुरळक बिंदू भलतीकडे दिसला तर 'ॲक्युरसी' बघ, ती मीटरमध्ये असते. हजारो मीटर असेल तर तो मोबाइल टॉवरवरून लावलेला अंदाज आहे, सोडून दे. वायफायचाही एक घोळ असतो. घर बदलताना राउटर बरोबर नेला की फोन काही दिवस तुम्हाला जुन्याच पत्त्यावर दाखवतो, कारण त्या राउटरची जागा गूगलकडे जुनीच नोंदलेली असते.

टाइमलाइन.जेसनमध्ये ही भानगड सहसा नसते, तो डेटा एकाच फोनचा असतो. दोन्ही फाइली चढवशील तेव्हा मध्ये एक तारीख ठरव, तिच्याआधीचं जुन्या फाइलमधून, नंतरचं नव्या. नाहीतर दोनदा मोजलं जाईल.

सुहास

*

प्रेषक: अनघा, रेडिंग
विषय: उत्तर: आता भलतंच (सुटलं)

सुहासदादा, आहे! तो फोन आईच्या देवघराशेजारी चार्जिंगला असतो, सकाळी भजनं लावायला. टॅग गाळल्यावर जून २०२१ मध्ये मी निमूटपणे रेडिंगलाच आहे. आईला फोन करून अकाउंट काढायला सांगितलं, तर म्हणाली, "मग माझ्या भजनांची यादी जाईल." तिला तिचं वेगळं अकाउंट सुट्टीत काढून देईन.

आता यादी जवळजवळ तयार आहे. काका, तुमचं ऐकून पासपोर्टचे शिक्के शेजारी ठेवले आणि त्याचा उपयोग झाला. मुंबईचा निघतानाचा शिक्का ६ जानेवारीचा आहे आणि फाइल ५ म्हणते. विमान रात्री सव्वादोनचं होतं, फाइलमधली वेळ यूटीसीत (ग्रिनिचच्या प्रमाणवेळेत), म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे, आदल्या रात्रीची पावणेनऊ. अर्जासाठी इथे उतरल्याची तारीख लागते आणि ती दोन्हीकडे ६ च आहे, त्यामुळे फरक पडला नाही. म्युनिकच्या एका परतीत मात्र पडला असता. जुलैमध्ये विमान उशिरा आलं, हीथ्रोला उतरले तेव्हा इथे रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, १३ तारीख. यूटीसीत ती १२, कारण उन्हाळ्यात इथलं घड्याळ त्याच्या एक तास पुढे असतं. जायचा आणि यायचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत, म्हणजे तारीख सरकली की एक दिवस इकडचा तिकडे. मर्यादा ५ वर्षांत ४५० आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवसांची आहे, मी दोन्हींच्या बरीच आत आहे, पण अर्जातली तारीख तिकिटाशी जुळलेली बरी.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने तपासली: अर्ज पोचेल त्याच्या बरोबर ५ वर्षं आधीच्या दिवशी मी ब्रिटनमध्ये असायला हवी. तो दिवस फाइलमध्ये आहे, रेडिंगचाच.

केदार, टॅग गाळायचा तुकडा मी सुहासदादांच्या स्क्रिप्टमध्ये जोडलाय. ज्यांना हवी त्यांनी मला वेगळी मेल करा, लिस्टवर पुन्हा अटॅचमेंट टाकत नाही. फक्त स्वतःच्या फाइली मला पाठवू नका, आत्तापर्यंत दोघांनी पाठवल्यात आणि मी न उघडता डिलीट केल्यात. पाडव्याला मी आणि नवरा, दोघं. ते सचिवांना वेगळं कळवते.

अनघा