पेणच्या मिठागरात आर्टेमिया: हिशेब बसतो का?

धनकवडीचा_टाकीवाला:
घरी फायटर माशांची पिल्लं काढतो. त्यांना खायला आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, अंडी बाटलीत एअर पंप लावून उबवतो. डब्याची किंमत बघून बायको दरवेळी विचारते, "केशर आणलंस का?" पेणला मामांचं पाच एकर मिठागर आहे, निम्मं पडीक. तिथे आर्टेमिया सोडला तर? एका ग्रॅममध्ये अडीच-तीन लाख अंडी, म्हणजे किलोभर निघाली तरी... पुढचा हिशेब रात्री दोनला केलाय, म्हणून विचारतोय.

खारबांध:
मी आता सिंहगड रोडला असतो, पण उरणला भागीदारीत दोन हंगाम हेच केलंय.

मीठ पडतं साधारण २५ डिग्री बोमेला (बोमे म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचं माप). त्या वाफ्यात काही उपयोग नाही. तुम्हाला पाणी तापवायचे मधले वाफे लागतील, ८ ते १५ डिग्रीचे. त्याखाली मासे शिरतात आणि फडशा पाडतात.

आता खर्च. मामांच्या वाफ्यात पाणी वीतभर असेल. मे महिन्यात ते ३८ अंशांच्या वर गेलं की सगळं मरतं. आम्ही बांध उंच करून पाणी गुडघाभर केलं. निम्मं भांडवल जेसीबीवाल्याने नेलं आणि पावसाळ्यात बांध परत खचले. पाऊस हाच खरा भागीदार, नफ्यात नाही, फक्त तोट्यात! जूनमध्ये पाणी गोडं होतं, की पुढच्या जानेवारीत बियाण्यापासून सुरुवात. व्हिएतनाममध्ये विन चाऊच्या मिठागरांतही कोरड्या हंगामापुरतंच करतात.

शिवाय पाणी मानवलं तर मादी अंडी न घालता थेट पिल्लंच देते. खारटपणा वाढला, ऑक्सिजन घटला की अंडी. म्हणजे तिला छळायचं, पण मारायचं नाही. हे कळेपर्यंत आमचा पहिला हंगाम संपला.

वाऱ्याने कोपऱ्यात अंड्यांची तपकिरी साय जमते, ती पहाटे जाळीने काढायची, धुवायची, वाळवायची. वाळवताना ऊन जास्त लागलं आणि आमची जेमतेम ५५ टक्के उबली. कोळंबीच्या हॅचरीवाल्याला ९० लागतात. अमेरिकेच्या ग्रेट सॉल्ट लेकचा डबा त्याला तेवढी देतो, मग तो आमची का घेईल? दुसऱ्या हंगामात अंड्यांचा नाद सोडला. मोठा आर्टेमिया गोठवून थर्माकोलच्या खोक्यातून पुण्यात मत्स्यालयवाल्यांना दिला. त्यात डिझेल आणि दोन माणसांची मजुरी सुटली. जेसीबी नाही.

कोथरूडकर७:
एक जमेची बाजू राहिली. आर्टेमिया पाण्यातलं शेवाळ खातो, पाणी नितळ होतं, मीठ स्वच्छ पडतं. मीठ मुख्य आणि हे जोडधंदा, असं धरलं तर बघा. फ्लेमिंगो पाहायला मात्र भिगवणला जावं लागणार नाही, तेच जेवायला येतील.

खारबांध:
आमच्याकडे आले होते. फोटो सुंदर आलेत.

धनकवडीचा_टाकीवाला:
मामांना फोन केला, मधल्या वाफ्यात किती डिग्री आहे म्हणून. म्हणाले, "भाच्या, बोमेची नळी गेल्या वर्षीच फुटली. आम्ही चाखून सांगतो." रविवारी नळी घेऊन जातो. एकच वाफा, जेसीबी नाही.