रॉक्स आल्यावर जिम्नी-गुरखा घेणारे मूर्ख? मला नाही पटत

घाटवेडा
परवा एका महाशयांनी सड्यावर (कोकणातल्या कातळाच्या पठारावर) उभ्या असलेल्या आपल्या थार रॉक्सचा फोटो टाकून लिहिलं, ‘पाच दारांची रॉक्स आली, आता जिम्नी नाहीतर गुरखा घेणाऱ्याला गाडीतलं काही कळत नाही.’ खाली लोकांनी माना डोलावल्या. म्हणून हा स्वतंत्र धागा. (नवख्यांसाठी: रॉक्स महिंद्राची, जिम्नी मारुतीची, गुरखा फोर्सची, तिन्ही कच्च्या वाटेवर नेण्याच्या गाड्या.)

हायवेला रॉक्स उत्तम. सहा एअरबॅग, भारत एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे, सगळं मान्य. पण ऑफरोडिंगची तुलना करताय ना? मग आधी आपली जमीन बघा. सह्याद्रीत वाट म्हणजे एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढा, मधे जेमतेम बैलगाडीची रुंदी. पावसाळ्यात वर शेवाळ नाहीतर लाल चिखल. तिथं जिम्नीचं 1210 किलो वजन कामी येतं. जड गाडी रुतते तिथून ही निघून जाते. पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकसंध कणा) असल्यानं एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. रॉक्सला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं. वर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) 2850 मिमी, म्हणजे अरुंद वळणावर अडचण. जिम्नीचा 2590.

आणि ‘12.99 लाखांत रॉक्स’ हे 2024 च्या भावाचं तुणतुणं बंद करा. त्या पैशांत मागची दोनच चाकं फिरतात. पेट्रोल रॉक्समध्ये फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) मिळतच नाही. ती हवी तर डिझेल, आणि तिचे भाव 2024 साली 18.79 लाखांपासून सुरू झाले. जिम्नीत प्रत्येक व्हेरिएंट फोर बाय फोर.

नाशिककर_डिझेल
पूर्ण असहमत. जिम्नीच्या 134 न्यूटन मीटर टॉर्कवर (इंजिनाच्या ओढीवर) चार माणसं, तंबू, पाण्याचे कॅन घेऊन घाट चढून दाखवा. एसी बंद करावा लागतो. गेल्या पावसाळ्यात साम्रदच्या अलीकडे एका चढावर मित्राची जिम्नी तिरकी अडकली. दोन चाकं हवेत, गिरगिर फिरताहेत. जिम्नीला लॉकर (डावं-उजवं चाक एकाच वेगानं फिरवणारं कुलूप) नाही, ब्रेक लावून फिरणारं चाक धरणारी यंत्रणा आहे, आणि ती जोर धरेपर्यंत गाडी चार बोटं मागं घसरली होती. मी माझ्या रॉक्सचा मागचा डिफरेन्शियल लॉक केला, ओढायचा पट्टा बांधला, बाहेर काढली. व्हीलबेस लांब आहे म्हणता, तर रॉक्समधली इंटेलिटर्न यंत्रणा आतल्या बाजूचं मागचं चाक धरून ठेवतं आणि गाडी वळते. वापरून मग बोला.

घाटवेडा
एका चढावरून गाडीची जात ठरवू नका. मित्रानं टायरमधली हवा कमी केली होती का? जपानमध्ये गुरुग्रामला बनलेली हीच पाच दारांची जिम्नी जानेवारी 2025 मध्ये आली आणि सुमारे 50,000 ऑर्डरी पडल्यावर चार दिवसांत बुकिंग थांबवावं लागलं. तिथल्या सगळ्यांना अक्कल नाही का?

गुरखाधारी
दोघंही लॉकरवर भांडताय आणि दोन्ही अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉक देणारी या तिघींतली एकमेव गाडी बाजूला ठेवलीत. गुरखा. 320 न्यूटन मीटर, स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीतूनच, 700 मिमी पाण्यातून जाते (रॉक्स 650). रॅम्प अँगल (पोट न घासता उंचवटा ओलांडायचा कोन) 28 अंश, रॉक्सचा 24 सुद्धा नाही. रॉक्सचं पोट घासतं ते त्यामुळे. दोनच एअरबॅग आहेत, ऑटोमॅटिक नाही, हे मी आधीच सांगतो, कुणी शोध लावल्यासारखं सांगायला येऊ नका.

अवांतर: कंपनीनं दिलेल्या स्नॉर्केलला एवढं महत्त्व का, तर बाहेरून काही बसवलं की आपण गुन्हेगार. 2019 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ रचनेत बदल चालणार नाही. बुलबार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) 2017 अखेरपासूनच बंद. एका दुकानदारानं ‘काही होत नाही साहेब’ म्हणत गाडी उंच करायची लिफ्ट किट गळ्यात मारली, दंड मी भरला, वर किट काढायची मजुरीही मीच दिली. यावर कुणी धागा काढत नाही.

नाशिककर_डिझेल
तुमच्या दंडाचा इथं काय संबंध? धाग्याचं काश्मीर करू नका, विषय भरकटतो.

राजापूरची_सून
माफ करा, पण ज्या फोटोवरून हे सगळं सुरू झालं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तो सडा आमच्या बाजूचा आहे. गाडी ओल्या कातळावर गोल गोल फिरवलेली दिसतेय. तुम्हाला तो रिकामा माळ वाटतो. कातळावर बोटभर माती, तिच्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपणारी झाडं. टायरनं ती माती खरवडली की पुढच्या वर्षी तिथं नुसता दगड. आंबोलीचा टोड (बेडकाची एक जात) सड्यावरच्या वीतभर डबक्यात अंडी घालतो. ते डबकं म्हणजे तुमचा ‘वॉटर क्रॉसिंग’चा व्हिडिओ.

आणि कातळशिल्पं, सड्याच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी, गावोगाव आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटरचा. रेघा उथळ कोरलेल्या आहेत, उन्हं कलली तरच नीट दिसतात. माझ्या सासऱ्यांनी गुरं राखताना लहानपणापासून बघितलेली एक आकृती आहे, तिच्यावरून गेलेले टायरचे काळे पट्टे मी स्वतः पाहिलेत. हजारो वर्षं टिकलेलं तुम्ही एका रविवारी घासता.

नाशिककर_डिझेल
ताई, चार टवाळखोरांमुळे सगळ्यांना झोडपू नका. आम्ही कचराही परत आणतो. आणि चिरेखाणी सड्याचा अख्खा तुकडा कापून नेतात, आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावतात, तेव्हा कुठं असता तुम्ही?

राजापूरची_सून
तिथंच असते. ग्रामसभेत भांडते, शिव्या खाते. दुसरा जास्त नासधूस करतो म्हणून तुमची माफ होत नाही.

घाटवेडा
ताईंना +1. कासला कुंपण घालायची वेळ का आली ते आठवा. हलकी गाडी कमी नुकसान करते हेही यात आलंच.

राजापूरची_सून
नाही आलं. जिम्नीनंही डबकं तुडवलंच जातं. यात तुमच्या गाडीची जाहिरात घुसवू नका.

नाशिककर_डिझेल
ठीक आहे. कातळशिल्पांवर गाडी घालू नये, मान्य. फोटोवाल्यालाही मी सांगेन. पण सगळे सडे वर्ज्य करा म्हणणं म्हणजे अतिरेक. शिल्पं आहेत तेवढी जागा सोडू.

राजापूरची_सून
कुठली जागा सोडणार? कितीतरी शिल्पं मातीखाली होती, गावोगाव हिंडून लोकांनी गेल्या काही वर्षांत उजेडात आणली. उरलेली अजून सापडायचीत. स्टिअरिंगमागून ती दिसणार आहेत का तुम्हाला?

गुरखाधारी
हा प्रश्न बिनतोड आहे. आम्ही मालकाला विचारून बंद पडलेल्या चिरेखाणीत जातो. उभे टप्पे, सुटे चिरे, चिखल, सगळं एका जागी. तिन्ही गाड्या तिथं आणा आणि एकदाचा निकाल लावा.

राजापूरची_सून
जा, पण पावसाळ्यात नको. खाणीत पाणी भरतं, तळ सपाट दिसतो आणि पुढच्याच टप्प्याला दोन पुरुष खोल असतो. 700 मिमीच्या भरवशावर उतरू नका. दिवाळीनंतर पाणी उतरलं की मालकाशी मी बोलून ठेवते.

नाशिककर_डिझेल
डिसेंबर चालेल. पट्टा मी आणतो, जिम्नीवाल्यांना लागेल.