हॉटेलात सुपरवायझरचा आधार आणि कामात जीव रमणं: स्त्री-पुरुष फरक कसा पाहायचा?

नभा: पुण्यातल्या शंभरेक कर्मचाऱ्यांच्या हॉटेलात पाहणी करायची आहे. माणूस कामात किती रमतो हे मोजणारी ९ प्रश्नांची यूट्रेक्ट मापनपट्टी ठरली आहे. सुपरवायझरने आधार दिला तर बायका आणि पुरुष कामात सारखेच रमतात का, हे बघायचंय. दोन्हींच्या सरासरीची तुलना पुरेल का?

कोकणकडा: नाही पुरणार. त्या पट्टीत उत्साह, निष्ठा, तल्लीनता यांचे तीन-तीन प्रश्न असतात, उत्तरं ० ते ६. सरासरी काढणं सोपं, चूक पुढे होते. हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिसला बायका तुलनेने जास्त, किचनला पुरुष. सगळ्यांना एकत्र मोजलं की खात्याखात्यांतला फरक स्त्री-पुरुष फरक म्हणून दिसतो. तुलना एकाच खात्यात करा. आधाराचा परिणाम बायका-पुरुषांत वेगळा आहे का, हे गणितात 'आधार × लिंग' हे पद सांगतं; शंभर माणसांत ते संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय येणं कठीण. आलं नाही म्हणून 'फरक नाही' असं लिहू नका. आणि फॉर्म सुपरवायझरच्या हातून अजिबात गोळा करू नका!

सांजवेळ: त्याआधी आधार म्हणजे काय ते ठरवा. 'साहेब मदत करतात का' या मोघम प्रश्नाला सगळे हो म्हणतात. नेमकं विचारा: रोस्टर (ड्युटीचा तक्ता) किती दिवस आधी लागतो? वीकली ऑफ ऐनवेळी रद्द होतो का? चेकआउटच्या खोल्या जास्त आल्या तर साफ करायच्या खोल्यांचा कोटा कमी करतात का? ब्रेक शिफ्टमध्ये दुपारी तीन-चार तास सुटी मिळते, पण बाईचे ते तास घरच्या स्वयंपाकात जातात. तिला सलग शिफ्ट देणं हा शंभर शाबासक्यांपेक्षा मोठा आधार.

गेस्टने एखाद्या बाईशी गैरवर्तन केलं तर खरी कसोटी. तिला लगेच त्या मजल्यावरून हलवायचं, खोलीला दोघांनी जायचं, लॉगबुकात नोंद करायची. तिलाच माफी मागायला लावली तर तिचा कामात जीव कुठून रमणार? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि त्रास देणारा गेस्ट असला तरी तक्रार या समितीकडे करता येते. हे प्रत्येक सुपरवायझरला माहीत हवं.

कोकणकडा: पटलं. एक भर: पुरुषांनाही तेच प्रश्न द्या. मूल आजारी म्हणून किचनमधल्या 'कमी'ने (commis, ज्युनियर कुक) रजा मागितली की 'बायको नाही का घरी?' हे ऐकावं लागतं. घरच्या अडचणीचा प्रश्न फक्त बायकांच्या फॉर्ममध्ये टाकलात तर हे कधीच दिसणार नाही.