मदत हवी आहे : 40 साइट्सपासून स्वतःचं होस्टिंग सुरू करायचंय, सर्व्हर कोणता घ्यावा?

मुक्काम_सांगली
नमस्कार. आमचं वेबसाइट बनवून देण्याचं काम आहे. ग्राहकांच्या 40 साइट्स आज पाच-सहा शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) विखुरल्या आहेत. त्या एका जागी आणून होस्टिंग आपणच द्यायचं असा विचार आहे. 38 वर्डप्रेस (त्यातली दोन वूकॉमर्सवर चालणारी ऑनलाइन दुकानं), 2 साध्या एचटीएमएल. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं. बघणारे बहुतेक महाराष्ट्रातलेच. बजेट महिना 5,000 रुपये. लिनक्स कामापुरतं येतं.

रिसेलर (दुसऱ्याच्या सर्व्हरवर घाऊक जागा), व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा आपल्यापुरता आभासी तुकडा) की डेडिकेटेड (अख्खं यंत्र)? सर्व्हर भारतातच हवा का? जर्मनीत तेवढ्याच पैशात दुप्पट रॅम दिसते. पॅनल (साइट्स सांभाळायचं सॉफ्टवेअर) कोणतं? आणि प्रत्येकाला ईमेलची 4-5 खाती द्यावी लागतील, ती कुठे ठेवू?

इनोड
डेडिकेटेडचा विचार सध्या सोडा. 4 व्हीसीपीयू (आभासी कोअर), 8 जीबी रॅम, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क असलेला केव्हीएम (प्रत्येकाला स्वतंत्र आभासी यंत्र देणारी पद्धत) व्हीपीएस एवढ्या साइट्सना पुरतो. का पुरतो ते समजून घ्या, म्हणजे 60 साइट्स झाल्यावर पुन्हा विचारावं लागणार नाही.

8 जीबीतून ऑपरेटिंग सिस्टीम आणि पॅनलला 2 जीबी, मारियाडीबी या डेटाबेसला 2 जीबी काढून ठेवा. उरले 4 जीबी. वर्डप्रेसचा पान बनवणारा एक पीएचपी प्रोसेस साधारण 80 एमबी घेतो, म्हणजे एका वेळी 50 प्रोसेस. आता बहुतेक पॅनल प्रत्येक साइटला निदान 5 प्रोसेसची मुभा देतात. 38 गुणिले 5 म्हणजे 190. एखाद्या रात्री बॉटनी सगळ्या साइट्सच्या लॉगिन पानावर हल्ला केला की मेमरी संपते, आणि लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस मारतो. तो बहुधा डेटाबेस असतो. मग सगळ्याच साइट्स एकदम पडतात. म्हणून पीएचपी-एफपीएम (हे प्रोसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) ‘ऑनडिमांड’वर ठेवा, म्हणजे प्रोसेस गरजेपुरतेच सुरू होतील, साध्या साइट्सना 3, दुकानांना 8 ही मर्यादा घाला, आणि एक्सएमएल-आरपीसी (वर्डप्रेसला बाहेरून आज्ञा देण्याचा जुना मार्ग) सर्व्हरच्या पातळीवरच बंद करा.

पण खरा अडसर रॅमचा नाहीच. कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) नसलेलं वर्डप्रेसचं पान सीपीयूचे 0.3 सेकंद सहज खातं. चार कोअरवर म्हणजे सेकंदाला 13 पानं, त्यापुढे रांग. जर्मनीतल्या दुप्पट रॅमने हा आकडा हलत नाही. पेज कॅश लावल्याने हलतो. दुकानाच्या कार्ट आणि चेकआउटला मात्र कॅश चालत नाही, तिथे अंतरही नडतं. मुंबई ते जर्मनी जाऊन-येऊन 120 ते 150 मिलिसेकंद. नव्या एचटीटीपीएस जोडणीला पहिला बाइट येईपर्यंत अशा तीन फेऱ्या होतात, म्हणजे जवळपास 0.4 सेकंद नुसत्या प्रवासात. शाळेच्या साइटला सीडीएन (जवळच्या सर्व्हरवरून पानांच्या प्रती देणारी सेवा) लावून हे झाकता येतं, दुकानाला नाही. मुंबई किंवा बंगळूर घ्या.

घेतल्यावर पहिला आठवडा ग्राहक चढवू नका. ‘टॉप’ या कमांडमधला एसटी आकडा (सीपीयू इतरांना दिल्यामुळे आपला थांबलेला वेळ) सकाळी, संध्याकाळी, रात्री बघा. तो सतत 5 टक्क्यांच्या वर असेल तर कंपनीने एका यंत्रावर फार गिऱ्हाइकं कोंबली आहेत. तो व्हीपीएस परत करा. डिस्क तपासताना एफआयओ या चाचणीच्या प्रोग्रॅमने 4 केबीचे, प्रत्येक राइटनंतर सिंक करणारे (डिस्कवर पक्के लिहून घेणारे) राइट्स तपासा. मोठ्या फाइलचा वेग सगळीकडे छान दिसतो, डेटाबेसला तो उपयोगाचा नाही.

रूटवाला
हिशोब बरोबर, पण माणूस एकच आहे हे विसरू नका. रात्री दोन वाजता कर्नलचं पॅच, पॅनलमधली भगदाडं, भरलेली डिस्क हे कोण बघणार? माझं मत असं: दोन दुकानं व्हीपीएसवर न्या आणि उरलेल्या 38 सहा महिने चांगल्या रिसेलर खात्यावर ठेवा. रिसेलर घेताना जीबी नका विचारू. एका खात्याला सीपीयू किती, एंट्री प्रोसेस (एका वेळी चालणाऱ्या विनंत्या) किती, इनोड (फाइल्सची संख्या) किती, हे विचारा. ‘अनलिमिटेड’ योजनेत मर्यादा याच ठिकाणी असते.

पॅनलबद्दल: सीपॅनलचा परवाना 2019 पासून खात्यांच्या संख्येवर आहे, म्हणजे प्रत्येक नव्या ग्राहकामागे तुमचा खर्च वाढत जातो. डायरेक्टअ‍ॅडमिन स्वस्त पडतं आणि नीट चालतं. हेस्टिया फुकट आहे, पण ते डेबियन किंवा उबंटू या लिनक्सवरच चालतं. क्लाउडलिनक्स लावून प्रत्येक खात्याला वेगळी मर्यादा घालायची असेल तर हेस्टिया नको; अल्मालिनक्स 9 वर डायरेक्टअ‍ॅडमिन बसवा. अल्मा 9 ला सुरक्षा अपडेट 2032 पर्यंत आहेत. जुना सेंटओएस 7 कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, त्याची मुदत 30 जून 2024 ला संपली.

बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात हवा. रेड 1 (एकाच यंत्रातल्या दोन डिस्कवर तीच प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे, आणि व्हीपीएस कंपनीचा स्नॅपशॉट हा एकमेव बॅकअप असू शकत नाही. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्या हाती काही उरलं नाही. बोर्ग हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरा आणि दूरच्या टोकाला ‘फक्त भर घाला’ अशीच परवानगी द्या. म्हणजे सर्व्हर हॅक झाला तरी त्याच्यावरून जुना बॅकअप पुसता येत नाही. महिन्यातून एकदा कुठलीही एक साइट रिकाम्या व्हीपीएसवर उभी करून बघा.

पोस्टमन
ईमेल वेब सर्व्हरवर ठेवू नका. 40 ग्राहक, प्रत्येकी 5 खाती, खात्याला 2 जीबी धरले तरी 400 जीबी होतात. साइट्सना 80 जीबीदेखील लागणार नाहीत. शिवाय बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा पोर्ट 25 (ईमेल पाठवण्याचा मार्ग) बंदच ठेवतात, आणि वाट्याला आलेला आयपी आधीच्या माणसाने बदनाम केलेला असू शकतो. एका साइटचा संपर्क फॉर्म हॅक होऊन स्पॅम सुटला की चाळीसही ग्राहकांची पत्रं अडकतात.

खाती वेगळ्या ईमेल सेवेकडे द्या, त्याचे पैसे बिलात वेगळे दाखवा. साइटवरून जाणारी पत्रं एसएमटीपी रिलेमधून (पत्रं पुढे पोचवणारी बाहेरची सेवा) पाठवा, खात्यामागे ताशी 50 ची मर्यादा घाला. एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने पत्रं कोण पाठवू शकतं ते सांगणारा रेकॉर्ड) दहापेक्षा जास्त डीएनएस (डोमेनच्या नोंदींची यंत्रणा) शोध झाले तर तो रेकॉर्डच अवैध ठरतो, त्यामुळे प्रत्येक सेवेचा ‘इन्क्लूड’ जोडत बसू नका. फॉर्मच्या ‘फ्रॉम’मध्ये भेट देणाऱ्याचा पत्ता घालू नका, डीमार्क (‘फ्रॉम’मधलं डोमेन खरं का, ही तपासणी) तिथेच नापास होतं. तिथे ग्राहकाच्या डोमेनचा पत्ता, आणि भेट देणाऱ्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये.

जमाखर्च
दोन-तीन गोष्टी सर्व्हर घेण्याआधीच बघा. होस्टिंगवर 18 टक्के जीएसटी आहे, आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची. पण परदेशी कंपनीच्या बिलावर रिव्हर्स चार्ज (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरणं) लागला तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी करावी लागते. सर्व्हर मुंबईत असला तरी बिल सिंगापूरहून येऊ शकतं, तेव्हा बिल कुठली कंपनी देते ते विचारा आणि सीएला दाखवा.

कार्डावरची आपोआप वसुली ऑक्टोबर 2021 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर परदेशी कंपन्यांकडे बरेचदा फसते. बिल थकलं की सर्व्हर बंद होतो. आगाऊ रक्कम भरता येईल अशीच कंपनी निवडा आणि दोन महिन्यांचे पैसे कायम शिल्लक ठेवा.

आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश तुम्हालाही लागू होतात: लॉग (सर्व्हरच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे, हॅकिंगसारखी घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची. लिनक्समधलं जुने लॉग काढून टाकणारं लॉगरोटेट मूळ सेटिंगवर साधारण चार आठवड्यांचेच लॉग ठेवतं, ते पहिल्याच दिवशी बदला.

मुक्काम_सांगली
मनापासून आभार सगळ्यांचे. रूटवाला म्हणतात तसं दोन दुकानं व्हीपीएसवर, बाकीच्या रिसेलरवर असं करतो. ईमेल वेगळी. दुकान हलवताना ऑर्डर हरवू नयेत म्हणून क्रम कसा ठेवू? नेमसर्व्हर (डोमेनचा आयपी सांगणारे सर्व्हर) स्वतःचे चालवू का?

इनोड
स्वतःचे नेमसर्व्हर त्याच यंत्रावर ठेवू नका. यंत्र पडलं की डीएनएसही पडतं आणि साइट दुसरीकडे वळवायची सोयच उरत नाही. डीएनएस बाहेरच्या सेवेत ठेवा. डोमेन मात्र ग्राहकाच्याच नावावर असू द्या.

हलवण्याच्या दोन दिवस आधी टीटीएल (डीएनएसची नोंद इतरांनी किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा) 300 करा. फाइल्स आरसिंकने (फक्त बदललेलं कॉपी करणारा प्रोग्रॅम) आधीच नेऊन ठेवा आणि आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी घालून साइट पूर्ण तपासा, पेमेंटसह. मग रात्री उशिरा जुन्या दुकानावर मेंटेनन्स पान लावा, डेटाबेसचा शेवटचा डंप (पूर्ण प्रत) ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ने (सगळा एकाच क्षणाचा) घ्या, नव्यावर चढवा, आरसिंक पुन्हा चालवा आणि डीएनएस बदला. पेमेंट गेटवेचा वेबहुक (पैसे आल्याचा दुकानाला जाणारा आपोआप निरोप) जुन्या आयपीवर बांधलेला नाही ना, ते बघा.

दुकान हलवताना एमएक्स रेकॉर्डला (ईमेल कुठे जायची ते सांगणारी नोंद) हात लावू नका. आणि जुना एएएए रेकॉर्ड (साइटचा आयपीव्ही6 पत्ता) राहिला असेल तर तो काढा: एचटीटीपीएसचं मोफत प्रमाणपत्र देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा आयपीव्ही6 असेल तर आधी तोच वापरतं, तपासणी जुन्या सर्व्हरवर जाते आणि प्रमाणपत्र मिळत नाही. जुनं होस्टिंग आणखी महिनाभर चालू ठेवा.